आप्पांनी भरलेल्या दाढा

आप्पांना माणसं चेहऱ्यावरून ओळखू येत नसत. रस्त्यात कुणी रामराम केला की ते थबकायचे, डोळे बारीक करायचे आणि समोरचा हसेपर्यंत वाट पाहायचे. तो हसला की यांचा चेहरा उजळायचा. "अरे, खालची डावी, मागची! कन्नौदहून केव्हा आलात?" त्या माणसाचं नाव मग घरी आल्यावर काकू आठवून सांगत. काकू म्हणजे आप्पांची बायको. एकदा आप्पा कुणाकडे सुतकात भेटायला गेले. तिथं कोणी हसण्याचा प्रश्नच नव्हता. अर्धा तास भलत्याच माणसाचं सांत्वन करून ते परत आले, आणि तो भलता माणूसही बिचारा मुकाट्यानं ऐकून घेत राहिला.

मी धारचा. नवं शतक लागून चार-सहा वर्षं झाली असतील, तेव्हा मला देवासला मास्तरकी मिळाली आणि खोली शोधत मी आप्पांच्या दारात उभा राहिलो. घरमालक गोत्र विचारतो, पगार विचारतो, बायको केव्हा येणार ते विचारतो. आप्पांनी माझी हनुवटी धरून मला उजेडाकडे वळवलं आणि म्हणाले, "आ करा." मी केला. आतला सगळा मुलूख पाहून झाल्यावर त्यांनी निकाल दिला. "खोली मिळेल. पण खालच्या उजव्या दाढेत भोक आहे. ते भोक घेऊन माझ्या घरात राहता येणार नाही." दुसऱ्या दिवशी ती दाढ भरली गेली आणि तिसऱ्या दिवशी माझी वळकटी खोलीत आली.

आप्पांचं घराणं लेखणीचं. तीन पिढ्या दरबारी दप्तरात गेलेल्या. हे मात्र तरुणपणी महूच्या छावणीत एका गोऱ्या दातांच्या डॉक्टरकडे हत्यारं उकळायला राहिले आणि दहा वर्षांत पाहून पाहून सगळं शिकले. साहेब विलायतेला परतताना डोकं टेकायला गादी असलेली खुर्ची आणि दाढ कोरायचं, पायानं मारायचं चाक यांना देऊन गेला. घरी अर्थातच आकाश कोसळलं. दुसऱ्याच्या तोंडात हात घालायचा, लाळेचे हात! वडिलांनी दोन वर्षं त्यांना पंगतीत शेजारी बसू दिलं नाही. तिसऱ्या वर्षी वडिलांचीच दाढ ठणकली आणि सोवळं एका दुपारीत सैल झालं.

काम करताना आप्पांना पाहत राहावं. चांदी आणि कथलाचा कीस ते खलात पाऱ्याबरोबर घोटायचे, मऊ चामड्यात पिळून जादा पारा काढायचे आणि तो लोण्यासारखा गोळा दाढेत कण कण करून ठासायचे. एका पायानं चाक, तोंडानं रामरक्षा. रामरक्षा संपायच्या आत खड्डा कोरून व्हायला हवा असा त्यांचा नियम होता, म्हणून अवघड दाढेला ते फार सावकाश म्हणत. शेवटी भरणावर बोट टेकवून ते एक वाक्य म्हणायचेच: "हे तोंडात तुटायचं नाही. सरणावर वितळेल." ऐकायला जरा अभद्र, पण लोकांना तो आशीर्वाद वाटायचा. पीपलरावां गावचे शेतकरीसुद्धा घरी जाऊन ते वाक्य मोठ्या अभिमानानं सांगत.

गंमत अशी, की ज्या तोंडानं ते हे सांगत त्याच तोंडानं त्याच्या अगदी उलटही सांगत. दर वर्षी दिवाळीचा फराळ पुढ्यात यायच्या आधी, आश्विनातल्या एका रविवारी, आप्पा आपल्या सगळ्या जुन्या भरणांची तपासणी करत. "चकलीच्या आधी दाढ दाखवा," असा गावभर निरोप जायचा. ओट्यावर सतरंजी अंथरायची, सुरईत गार पाणी ठेवायचं, रेशमाची एक लडी घ्यायची. दोन दाढांच्या फटीतून ते रेशमाचा धागा ओढत. धागा सरळ आला तर ठीक. विसकटला, तंतू निघाले, तर कड उचकटली समजायचं. मग भरणावर गार पाण्याचा थेंब आणि तोंडाकडे बारीक नजर. भुवई हलली की पकडलं.

"आप्पा, हे टिकतं तरी किती वर्षं?" असं कुणी विचारलं की त्यांना राग यायचा. "भरण म्हणजे काय पंचांग आहे? पुढच्या दातातलं पांढरं भरण दोन-तीन दिवाळ्या काढेल. दाढेतलं चांदीचं दहा-बारा वर्षं जाईल, नशीब असेल तर वीसही जाईल. पण वर्षं कसली मोजता? कड बघा. जुनं झालं म्हणून काढायचं नाही, उसवलं म्हणून काढायचं. दर वेळी बदललं की खड्डा मोठा होतो आणि दाढ कमी होते." आणि कुणी छाती काढून "मला तर मुळीच दुखत नाही" म्हणाला, तर ते फार हळू आवाजात म्हणत, "कधी कधी दुखणारं आत मरून गेलेलं असतं, म्हणून शांत असतं." ऐकणाऱ्याची छाती लगेच आत जायची.

वर्षातून एकदा ते धारला जात. कामासाठी नाही, दर्शनासाठी. तिथं एक म्हाताऱ्या आजी होत्या. आप्पांनी आयुष्यात भरलेली पहिली दाढ त्यांची. त्या भरणाला सोळा वर्षं झाली होती आणि ते जसंच्या तसं होतं. मीही सुट्टीत घरी जात असल्यामुळं एकदा आम्ही बरोबर निघालो. टांगेवाला ओळखीचा. तो मागं वळून म्हणाला, "कईं भिया, आज फेर दाँत देखवा जई रिया हो?" "हो, पुन्हा दातच बघायला," आप्पा गंभीरपणे म्हणाले. आजींनी सवयीनं तोंड उघडलं, आप्पांनी धागा ओढला, थेंब टाकला आणि हात जोडले. नमस्कार आजींना होता की दाढेला, ते मला सांगता येणार नाही. आजी म्हणाल्या, "अरे, मी रात्री गोड खात नाही आणि सकाळ-संध्याकाळ मीठ लावून घासते. त्यात तुझं काय कौतुक?" हे आप्पांनी ऐकलं नाही. त्यांना ऐकायचंच नसे तेव्हा ते चांगलेच बहिरे होत.

आता देवासची गंमत सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळायचं नाही. त्या एका गावात दोन संस्थानं नांदत होती, थोरली पाती आणि धाकटी पाती. रस्त्याची अलीकडची बाजू एकीची, पलीकडची दुसरीची. एकीनं दिव्याचा खांब रोवला की दुसरीनं रोवलाच पाहिजे, आणि चार बोटं उंच. आमच्या रस्त्यावर समोरासमोर दोन म्हातारे राहत. इकडे थोरल्या पातीच्या कचेरीतले निवृत्त सरिश्तेदार, तिकडे धाकट्या पातीचे निवृत्त वकील. दोघे लहानपणी एका पंतोजींकडे शिकलेले, आणि तेव्हापासून एकमेकांशी थेट बोलणं बंद. "त्यांना म्हणावं," अशी सुरुवात करून तिसऱ्यामार्फत सगळा संवाद चाले, आणि तो रोज चाले.

मी यायच्या आधीची गोष्ट. सरिश्तेदारांच्या दाढेत भोक पडलं. आप्पा ती भरणार ही बातमी रस्ता ओलांडून गेली आणि वकिलांचीही दाढ दुखायला लागली. थोरल्या पातीला आधी बसवलं तर धाकटी रुसणार, धाकटीला बसवलं तर थोरलीचा अपमान. आप्पांनी दोघांना एकाच सकाळी बोलावलं, एकाच खलात एकदाच गोळा घोटला आणि थोडं याच्या, थोडं त्याच्या असं करत दोन्ही दाढा बरोबरीनं भरत आणल्या. मांडीला मांडी लावून बसलेले दोन वैरी तोंड वासून एकमेकांकडे पाहत होते, असं काकू सांगत. त्या दिवसापासून कुणाचं भरण आधी तुटतं याकडे दोन्ही पात्यांचं लक्ष लागलं. बाजारात भाव विचारावा तसं लोक विचारत, "काय, थोरली टिकून आहे ना?"

या गोष्टीला सात वर्षं होत आली, तेव्हा माझी स्वतःची भानगड झाली. मी देवासला येऊन तेव्हा चार वर्षं झाली होती. एका रविवारी बाफला, म्हणजे उकडून भाजलेला कणकेचा टणक गोळा, खाताना माझ्या भरणाचा कोपरा उडाला. आत गार पाणी गेलं की कळ थेट कानात जायची. शहाणा माणूस खालच्या मजल्यावर जाऊन आप्पांना सांगून मोकळा झाला असता. मी सांगितलं नाही. कसं सांगणार? सरणावर वितळणार होतं ते भरण बाफल्यानं तोडलं, हे त्या माणसाच्या तोंडावर बोलायचं? मी डाव्या बाजूनं चावायला लागलो आणि तपासणीच्या रविवारी धारला आई आजारी पाडली. आई ठणठणीत होती. मुलांना खरं बोलायला शिकवणारा मास्तर मी, पण दाढेच्या बाबतीत लबाडी पचून गेली. दुसऱ्या वर्षी आईला पुन्हा आजारी पाडलं.

त्या वर्षी तपासणीला जेमतेम सात माणसं आली. आप्पा खुशीत होते. "बघा मास्तर, पूर्वी ओटा पुरायचा नाही. आता तक्रारच उरली नाही!" असं ते मला नंतर म्हणाले. काकूंनी माझ्याकडे पाहिलं आणि पटकन आत गेल्या.

खरा उजेड पडला तो दिवाळीनंतर, एका मुंजीच्या पंगतीत. दाल-बाफल्याचं जेवण होतं, दोन्ही पात्यांची माणसं होती. मी आपला डाव्या बाजूनं चावत समोरच्या रांगेकडे पाहत होतो. शाळेतले पंडितजी डावीकडून चावत होते. पोस्टमास्तर मान कलती करून उजवीकडून. त्यांच्या पलीकडचा हलवाई तर बाफला तुपात भिजवून गिळतच होता. वकील फक्त उजवीकडून. सरिश्तेदार चावतच नव्हते, नुसती डाळ भुरकत होते आणि गालाला हात लावून बसले होते. आणि सगळ्यांच्या मध्ये आप्पा, दोन्ही बाजूंनी सणसणीत चावत, प्रसन्न चेहऱ्यानं सगळ्यांना आग्रह करत होते. "घ्या हो, अजून एक घ्या! दाढा कशाला दिल्यात?" अर्धं गाव आप्पांचं मन राखण्यासाठी एका बाजूनं जेवत होतं. मला हसू आवरेना, आणि घास घशात अडकून वर ठसका लागला.

पण ते हसू चार दिवसच टिकलं. सरिश्तेदारांचा गाल सुजला. आधी लिंबाएवढा, मग डोळा मिटेपर्यंत. ताप भरला. तोंड बोटभरसुद्धा उघडेना, पाणी चमच्यानं पाजायची वेळ आली. वैद्यांनी लेप लावला आणि बाहेर येऊन सांगितलं की सूज गळ्यात उतरली तर आपल्या हातात काही नाही. तरी सरिश्तेदार आप्पांना बोलावू देईनात. दाढ हलवली की थोरली पाती हरली, असं त्यांच्या डोक्यात पक्कं बसलं होतं.

त्या दुपारी वकील रस्ता ओलांडून आमच्याकडे आले. चपला न काढताच खुर्चीत जाऊन बसले आणि म्हणाले, "आप्पा, माझं भरण काढून टाका. आत्ता. म्हणजे मी आधी हरलो असं होईल आणि तो गाढव तोंड उघडेल."

आप्पांना तोवर सरिश्तेदारांचं काहीच कळलेलं नव्हतं. कोण सांगणार? वकिलांनी सगळं सांगितलं. आप्पांनी ऐकून घेतलं, तरी आधी धागा काढला. धागा सरळ आला. थेंब टाकला. भुवई हलली नाही. मला वाटलं होतं वकिलांचंही गेलं असणार, पण ते भरण काल बसवल्यासारखं होतं.

"हे मी काढणार नाही," आप्पा म्हणाले. "धड भरण काढणं म्हणजे धड दाढ मारणं."

"अहो, तिकडे तो मरतोय!" वकील ओरडले आणि त्यांचा आवाज फाटला. इतक्या वर्षांच्या 'त्यांना म्हणावं'च्या खाली काय होतं, ते त्या एका ओरडण्यात कळलं.

आप्पा उठले. पिशवी मी घेतली. आम्ही तिघं सरिश्तेदारांकडे गेलो.

सरिश्तेदार भिंतीला टेकून बसले होते, डोक्यावरून गालाला फडकं बांधलेलं. आप्पांना पाहताच त्यांनी मान फिरवली. दाताला दात लावूनच म्हणाले, "दुखत नाही."

आप्पा त्यांच्यासमोर खाली जमिनीवर बसले. मग म्हणाले, "सरिश्तेदार, त्या दिवशी खलात तुमचं दोघांचं भरून थोडं उरलं होतं. टाकवेना. माझ्या वरच्या दाढेत भोक होतं. तुम्ही दोघे गेल्यावर आरशात बघून मी ते माझ्याच दाढेत भरलं."

सरिश्तेदारांचा उघडा डोळा वळला.

"पाचव्या वर्षी चैत्रात ते तुटलं," आप्पा म्हणाले. त्यांचे कान लाल झाले होते. "दार लावून मी ते बदललं. हिलासुद्धा सांगितलं नाही. तुमच्या दोघांच्या आधी मी हरलो. सरणाचं ते बोलणं निव्वळ बढाई होती. तरुणपणी बोललो आणि मग लोकांना आवडलं म्हणून बोलत राहिलो."

मला त्या माणसाचा इतका अभिमान वाटला आणि स्वतःची इतकी लाज वाटली, की कुठं बघावं कळेना.

"पाचव्या?" सरिश्तेदार फडक्यातून म्हणाले. "मग माझं नऊ टिकलं."

"नऊ टिकलं."

"आणि त्यांचं?"

इथं खोटं बोलून भागलं असतं. वकील मागून खुणावत होते. पण दाढेबद्दल खोटं आप्पांच्या तोंडून एकदा निघालं होतं तेवढं पुरे झालं असावं. ते म्हणाले, "त्यांचं अजून धड आहे."

सरिश्तेदारांनी जबडा आवळला. मी मनात म्हटलं, संपलं. तेवढ्यात वकील उंबऱ्यावरून पुढं आले आणि पंतोजींच्या शाळेनंतर पहिल्यांदा थेट बोलले. "अरे, धड राहील नाहीतर काय! नऊ वर्षं मी त्या बाजूनं चावलेलोच नाही. तुटेल या भीतीनं सुपारी नाही, उसाचं कांडं नाही, घरच्या चकलीला हात नाही. तू तरी नऊ वर्षं जेवलास. मी नुसती राखण केली!"

सरिश्तेदार हसले. हसताना कळ आली असणार, कारण ते हसतच "आई गं" म्हणून ओरडले, आणि तोंड उघडलं. आप्पांनी तेवढ्यात दोन बोटं आत घातली. रामरक्षा सुरू झाली. भरण निघालं आणि त्यामागून जे बाहेर आलं त्याचा वास अजून आठवतो. पण पाणी पिऊन सरिश्तेदारांनी आठ दिवसांत पहिल्यांदा भिंतीला डोकं टेकून डोळे मिटले, आणि वकील त्यांच्या पायाशी बसून राहिले. दोन दिवसांत सूज उतरली. पंधरा दिवसांनी ती दाढ मात्र काढावी लागली. "वर्षापूर्वी आला असतात तर नुसतं भरण बदलून भागलं असतं," असं आप्पांनी त्यांना स्वच्छ सांगितलं. सरिश्तेदारांनी ती दाढ वकिलांना दाखवायला पाठवली.

पाचव्या वर्षीच्या त्या चैत्राची बातमी संध्याकाळपर्यंत दोन्ही पात्यांत पोचली. दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पा दार उघडून बाहेर आले, तर ओटा भरलेला. पंडितजी, पोस्टमास्तर, हलवाई, कोण कोण. कुणाची कड उचकटलेली, कुणाचं अर्धं भरण गायब, एकाच्या खड्ड्यात त्यानं स्वतःच मेण भरलेलं. काहींची भरणं नुसती घासून नीट झाली, काहींची बदलावी लागली, आणि तिघांना आप्पांनी "तुमचं उत्तम आहे, उगाच घाबरून आलात" म्हणून हाकलून दिलं. शेवटी मी खुर्चीत बसलो. त्यांनी आरसा घातला, पाहिलं, आणि विचारलं, "किती दिवस?"

"दोन वर्षं," मी म्हणालो. "तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोललो नाही."

"सगळे तेच सांगताहेत." ते स्टुलावर टेकले. त्यांचे डोळे भरून आले होते आणि ते लपवायला त्यांनी मुळीच तोंड फिरवलं नाही. "सरिश्तेदार गेले असते मास्तर, माझ्या एका वाक्यापायी." मग बराच वेळ आरसा पुसत बसले. "आणि मी तरी काय वेगळं केलं? चार वर्षं झाली ते दुसरं भरण घालून. आरशात उलटं दिसतं, नीट कळत नाही. कुणाला बघा म्हणायची हिंमत झाली नाही."

त्यांनी मला हातानं उठवलं आणि स्वतः त्या खुर्चीत बसले. मी इतकी वर्षं त्या घरात होतो, पण आप्पांना त्या खुर्चीत बसलेलं कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी आरसा आणि रेशमाचा धागा माझ्या हातात दिला, मान मागं टाकली आणि तोंड उघडलं. धागा घातला आणि हळूच ओढला. टोकाला तो विसकटून आला.

आप्पा तोंड उघडं ठेवूनच डोळ्यांनी विचारत होते. काहीही सांगितलं असतं तरी त्यांना पटलं असतं.

"फट आहे, आप्पा," मी म्हणालो. "आतल्या बाजूला. बदलावं लागेल."

त्यांनी माझा हात घट्ट धरला, आणि तोंड न मिटताच हसले.